बोकास्तेलची बाटली घरी आली, आता पुढे काय? निवडण्यापासून ग्लासात ओतण्यापर्यंत सगळं

मागच्या डिसेंबरमध्ये पुण्याला आले तेव्हा दादासाठी शातो द बोकास्तेल या फ्रेंच रेड वाईनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, एक 2005 ची आणि एक 2016 ची. 2016 ची मुद्दाम आणली, कारण माझी भाची त्या सालातली. तेव्हापासून दादाचे व्हॉट्सॲपवर प्रश्न चालू आहेत, फ्रीजमध्ये ठेवू का, आडवी ठेवू की उभी, कधी उघडू, मटणाबरोबर चालेल का, तळाला काळं काहीतरी दिसतंय म्हणजे खराब झाली का. प्रत्येक वेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच बसून नीट लिहिते, म्हणजे ज्यांच्याकडे अशी एखादी भारी फ्रेंच रेड वाईन भेट म्हणून आलीय किंवा जे आणायचा विचार करताहेत त्यांनाही उपयोग होईल. मी फ्रान्समध्ये ल्योंला राहते, तिथून हायवेने खाली दोन तासांवर ही वाईन बनते ती इस्टेट आहे, आणि या वाईनवर माझा फार जीव आहे.

आधी घराणं ओळखून घ्या

हा भाग गाळून थेट बूच काढायला जाऊ नका, कारण वाईन कशी बनते ते कळलं की ती कशी सांभाळायची ते आपोआप कळतं.

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी, आव्हिन्योंच्या वरच्या अंगाला शातोनफ द्यु पाप नावाचं गाव आहे. नावाचा अर्थ पोपचा नवा वाडा. 1309 ते 1377 या काळात पोप रोमऐवजी आव्हिन्योंला राहत होते आणि त्यातल्या जॉन बाविसाव्याने इथे टेकडीवर उन्हाळ्यात राहायला वाडा बांधला. आज त्याची एक भिंत तेवढी उभी आहे, बराचसा वाडा आधीच पडला होता आणि उरलेल्या बुरुजाचा अर्धा भाग 1944 मध्ये जर्मन सैन्याने जाताजाता उडवून दिला. या गावाच्या नावाने जी वाईन विकतात तिचे नियम 1923 पासून गावातल्या शेतकऱ्यांनीच बारों ल रुआ या तिथल्याच बागायतदाराच्या पुढाकाराने ठरवायला घेतले, जमीन कुठली चालेल, द्राक्षं कुठली चालतील वगैरे. जिथे लॅव्हेंडर आणि थाइम उगवतं ती जमीन आत, बाकीची बाहेर, इतका साधा हिशोब होता त्यांचा. 1936 मध्ये त्यावर सरकारी शिक्का बसला आणि फ्रान्सभर असे नियम करताना हा नमुना समोर होता.

बोकास्तेल या भागाच्या उत्तर टोकाला आहे, कूर्तेझों गावाच्या हद्दीत. 1549 मध्ये पिएर द बोकास्तेल नावाच्या माणसाने इथे कुदुले या ठिकाणी एक कोठार आणि जमीन घेतली, नाव तिथून आलं. पण आत्ताच्या घराण्याची गोष्ट 1909 ला सुरू होते. त्याआधी फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किड्याने फ्रान्समधल्या द्राक्षबागा उजाड केल्या होत्या, आणि तो फ्रान्समध्ये पहिल्यांदा सापडला तोच मुळी 1860 च्या दशकात इथून जवळ, नदीपलीकडे. तर 1909 मध्ये पिएर त्रामिए यांनी ही इस्टेट घेतली, त्यांच्यानंतर ती जावयाकडे गेली, पिएर पेरँ, आणि मग त्यांचा मुलगा जाक पेरँ. आज जाक यांची मुलं आणि नातवंडं मिळून सगळं बघतात, म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ एकाच घरात.

जाक पेरँ यांचं मोठेपण असं की 1950 च्या सुमाराला, जेव्हा सगळे शेतकरी रासायनिक खतं आणि फवारण्यांकडे धावत होते, तेव्हा यांनी ते बंद केलं. 1974 पासून बायोडायनॅमिक पद्धत, म्हणजे सेंद्रियच्याही पुढे जाऊन चंद्राच्या कला वगैरे बघून केलेली शेती. आज सेंद्रिय म्हटलं की सगळे माना डोलवतात पण त्या काळात आजूबाजूच्यांनी वेड्यातच काढलं असणार.

दुसरी गोष्ट द्राक्षांची. गावाच्या नियमात 13 जातींची द्राक्षं चालतात आणि बरेच जण एकट्या ग्रनाशवर भागवतात, पण बोकास्तेल तेराही जाती लावतं. ग्रनाश, मूरवेद्र, सिरा, सँसो, कूनवाझ, व्हाकारेस, म्युस्कार्दँ, तेरे नुआर, आणि मग पिकपूल, पिकार्दाँ, क्लेरेत, रूसान, बूरबुलँक. रेड वाईनमध्ये साधारण तीस टक्के ग्रनाश आणि जवळजवळ तेवढंच मूरवेद्र असतं, आणि हे मूरवेद्र लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. हे द्राक्ष उशिरा पिकतं, तिकडचे लोक म्हणतात याचं डोकं उन्हात आणि पाय पाण्यात हवेत, साल जाड, रंग गडद, आणि वाईन तरुणपणी अगदी घुमी. ग्रनाश लगेच गप्पा मारायला लागतं, मूरवेद्रला वेळ लागतो.

तिसरी गोष्ट, गोटे. बागेत माती दिसतच नाही, नदीने आल्प्सवरून वाहून आणलेले बटाट्यापासून नारळाएवढे गोल गुळगुळीत गोटे पसरलेले, आणि त्यातून कमरेएवढी झुडपं वर आलेली. नाशिकला मांडवावरची द्राक्षं बघितलेल्या माणसाला हे द्राक्षाचं शेत आहे हेच पटत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सप्टेंबर होता, सूर्य मावळून बराच वेळ झाला होता, मिस्त्राल वारा इतका की जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि एक गोटा उचलला तर आतून उबदार, उन्हाळ्यात रात्री गच्चीच्या फरशीवर पाठ टेकली की लागते तशी ऊब. ही ऊब रात्रभर द्राक्षांना मिळत राहते. आणि तोच थंड कोरडा वारा बागेतली ओल उडवून लावतो म्हणून बुरशी कमी, म्हणून रासायनिक फवारण्यांशिवाय जमतं. बोकास्तेलचं नवीन वाईनघर आपल्या आर्किटेक्ट बिजॉय जैन यांनी, म्हणजे स्टुडिओ मुंबईने, लुई आंत्वान ग्रेगो यांच्यासोबत डिझाइन केलंय, तिथलीच खणलेली माती ठोकून भिंती उभ्या केल्यात आणि गारव्यासाठी याच मिस्त्रालचा उपयोग केलाय. हे कळलं तेव्हा मला खूप अभिमान वाटला.

शेवटची गोष्ट तळघरातली. हाताने तोडलेली द्राक्षं देठं काढून क्षणभर तापवतात, साल साधारण 80 अंशापर्यंत जाते, आणि लगेच 20 च्या आसपास थंड करतात. आपण दूध तापवून गार करतो त्याच विचाराने, नको ते जंतू मरतात, रंग चांगला सुटतो आणि वाईन टिकवायला घालतात त्या गंधकाचा वापर कमी करता येतो. नंतर प्रत्येक जात वेगळी आंबवतात, मग मिसळतात, आणि खोलीएवढ्या जुन्या ओकच्या पिंपांत सुमारे वर्षभर ठेवतात. पिंप मोठं आणि जुनं असल्यामुळे लाकडाचा, व्हॅनिलाचा वास चढत नाही. पारंपरिक पद्धतीने अंड्याच्या पांढऱ्याने निवळतात (कडक शाकाहारी पाहुण्यांना हे आधी सांगा) आणि फिल्टर न करता भरतात. म्हणजे दादा, तो तळाचा गाळ खराबी नाही, फिल्टर न केल्याची खूण आहे.

पायरी एक: योग्य बाटली ओळखणं

पेरँ घराण्याच्या बऱ्याच वाईन्स आहेत आणि दुकानात गोंधळ होतो. लेबलवर शातो द बोकास्तेल आणि खाली शातोनफ द्यु पाप हे दोन्ही असलं तर ती मुख्य वाईन, फ्रान्समध्ये अलीकडच्या सालाची साधारण 70 ते 100 युरोला मिळते. कुदुले द बोकास्तेल ही धाकटी बहीण, हायवेच्या पलीकडच्या जमिनीतली, म्हणून तिला गावाचं नाव लावता येत नाही, कोत द्यु ऱ्होन लिहिलेलं असतं आणि किंमत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पहिल्यांदाच घेत असाल तर मी मनापासून सांगते कुदुले घ्या, तिच्यात मूरवेद्रची चव कळते आणि फार वाट बघावी लागत नाही. कोंबड्यांचं चित्र असलेली ला व्हिएय फर्म हीसुद्धा याच घराण्याची पण ती रोजच्या जेवणाची स्वस्त वाईन, तिला बोकास्तेल समजून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. आणि ओमाज आ जाक पेरँ नावाची बाटली दिसली तर ती फक्त चांगल्या सालात बनते, 1989 पासून वडिलांच्या आठवणीत मुलांनी सुरू केली, बहुतांश जुन्या झाडांचं मूरवेद्र, किंमत कित्येक पट.

अमेरिकेत असणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट आहे. कॅलिफोर्नियात पासो रोब्लेसला टॅब्लस क्रीक नावाची वायनरी पेरँ आणि हास या दोन कुटुंबांनी 1989 मध्ये सुरू केली, बोकास्तेलच्याच झाडांच्या काड्या नेऊन, आणि एलएहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना सहज थांबता येतं.

साल कुठलं घ्यायचं? 1989, 1990, 1998, 2001, 2005, 2007, 2010, 2016 ही इथली नावाजलेली सालं. 2002 ला सप्टेंबरमध्ये पुरासारखा पाऊस पडून अख्ख्या भागाची वाट लागली होती, ते साल टाळा.

जुनी बाटली घेताना हातात घेऊन बघा. वाईनची पातळी मानेपर्यंत हवी, खांद्याच्या खाली उतरलेली नको. वरच्या फॉइलवरून अंगठा फिरवा, बूच वर आलेलं लागलं किंवा बाजूला चिकट ओघळ असला तर ती बाटली कुठेतरी उन्हात तापलीय, ठेवून द्या. मी एकदा एका दुकानातून शोकेसच्या दिव्याखाली उभी ठेवलेली बाटली सवलतीत मिळतेय म्हणून घेतली होती, उघडली तर मनुकांच्या पाकासारखी गोडसर आणि सपाट, आत फळाचा जीवच राहिला नव्हता.

पायरी दोन: आणणं

भारतात येताना माणशी दोन लिटर ड्युटी फ्री चालते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आणि वर एक अर्धी बाटली बसते. बॅगेत टाकायची असेल तर प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग जाड स्वेटरमध्ये, आणि बॅगेच्या मधोमध, कडेला नाही. घरी पोचल्यावर लगेच उघडू नका. प्रवासात सगळा गाळ हलतो, जुनी वाईन तर चवीलाही विस्कटते, निदान तीन-चार आठवडे शांत पडू द्या.

पायरी तीन: ठेवणं, आणि इथेच सगळे चुकतात

वाईनला 12 ते 14 अंश, अंधार, आणि एका जागी न हलता पडून राहणं हवं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये घरात 33-34 सहज होतं, आणि कपाटात ठेवलेली बोकास्तेल दोन उन्हाळ्यांत म्हातारी होते. शोकेस, किचनचा वरचा माळा, ओव्हनच्या शेजारचं कपाट, या तिन्ही जागा बाद.

पाच-दहा वर्षं ठेवायची असेल तर छोटा वाईन फ्रीज घ्याच, बारा बाटल्यांचाही चालेल. बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. लाईट गेली तर घाबरू नका, दार उघडू नका एवढंच, बंद फ्रीज काही तास गारवा धरून ठेवतो. वाईन फ्रीज नसेल तर साधा फ्रीज दोन-तीन महिन्यांपुरता ठीक आहे, सगळ्यात खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्याहून जास्त नको, साध्या फ्रीजची हवा कोरडी असते आणि बूच आक्रसायला लागतं, शिवाय दिवसातून पन्नास वेळा दार उघडतं. आणि तेवढा खर्च करायचा नसेल तर सरळ सांगते, बाटली साठवू नका, या हिवाळ्यातच प्या. उन्हाळ्यात मारून टाकण्यापेक्षा लवकर प्यालेली बरी.

पायरी चार: वय बघणं

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. बोकास्तेल पहिल्या चार-पाच वर्षांत छान लागते, फळाने भरलेली, काळ्या चेरी, मिरी. मग ती मिटते, मूरवेद्रला वेळ लागतो म्हटलं ते हेच. साधारण सहाव्या-सातव्या वर्षापासून दहाव्या-बाराव्यापर्यंत बाटली बोलतच नाही. नंतर पुन्हा उघडते आणि तेव्हा जे मिळतं ते वेगळंच, चामडं, सुकलेली वनस्पती, मशरूम, ओल्या मातीचा वास, आणि चांगल्या सालाची असेल तर ती पंचवीस-तीस वर्षंही जाते.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी 2010 ची बाटली 2017 च्या दिवाळीत उघडली, आई-बाबा इथे ल्योंला आले होते, वर्षभर पैसे बाजूला टाकून घेतलेली. ग्लासात नाक घातलं तर काहीच नाही, चव तुरट आणि मागून अल्कोहोल. बाबा चांगली आहे चांगली आहे म्हणत होते, पण त्यांचा ग्लास अर्धा तसाच राहिला. वाईन अव्वल होती, साल अव्वल होतं, मी चुकीच्या वर्षी उघडली. ती हुरहूर अजून आहे.

म्हणून दादा, 2005 ची आत्ता उघडायला हरकत नाही, ती तयार आहे. 2016 ची आत्ता मिटण्याच्या काळात आहे, हात लावू नकोस.

पायरी पाच: उघडण्याच्या आदल्या दिवसापासून

जुनी बाटली असेल तर आदल्या दिवशी सकाळी हलकेच काढून उभी करा. चोवीस तासांत गाळ तळाला बसतो.

वाईन प्यायचं तापमान 16 ते 18 अंश. फ्रेंच लोक रूम टेंपरेचर म्हणतात ती त्यांची दगडी भिंतींची जुनी खोली, आपली नाही. 28-30 अंशाला ही वाईन दिली तर साडेचौदा टक्क्यांचं अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी काही कळत नाही. वाईन फ्रीजमधली बाटली अर्धा तास आधी बाहेर काढा. बाटली बाहेरच होती तर साध्या फ्रीजमध्ये दीड तास लागतो, किंवा बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून पंधरा मिनिटं (जुनी गाळवाली असेल तर बादली नको, फ्रीजमध्ये उभी ठेवा). नुसता बर्फ घालू नका, पाण्याशिवाय बाटलीला गारवा नीट लागत नाही.

आता बूच. नवीन बाटलीला नेहमीचा स्क्रूवाला ओपनर चालतो. वीस वर्षं जुनं बूच मात्र मऊ झालेलं असतं, स्क्रूने मधून तुटतं, त्यासाठी दोन पात्यांचा ओपनर मिळतो तो घ्या, पाती बूच आणि काचेच्या मधून एक-एक करून डोलवत खाली सारायची आणि मग गोल फिरवत वर ओढायचं. तरीही चुरा आत पडला तर चहाची बारीक गाळणी धुऊन, मसाल्याचा वास नाही ना बघून वापरा.

डिकँट करताना, म्हणजे गाळ मागे ठेवून वाईन दुसऱ्या भांड्यात ओतताना, खोलीतला दिवा कमी करा आणि मोबाईलचा टॉर्च टेबलावर वर तोंड करून ठेवा, बाटलीची मान बरोबर त्याच्यावर येईल अशी धरा. ओतायला सुरुवात केली की थांबायचं नाही, एका धारेत, सावकाश. उजेडात वाईन डाळिंबाच्या रसासारखी चमकत जाते, बराच वेळ अगदी स्वच्छ, आणि मग खांद्याकडून एक धुरकट काळी रेघ मानेत सरकताना दिसते. ती रेघ दिसली की हात उचला. तळाला दोन-तीन घोट राहतील, त्यांचा मोह धरू नका, तोंडात कोकोच्या पावडरीसारखं खरखरतं. ते मटणाच्या रश्श्यात घाला.

किती आधी ओतायची? चार-पाच वर्षांच्या वाईनला दोन तास हवा द्या. पंधरा-वीस वर्षांची असेल तर ओतून लगेच प्यायला बसा, फार हवा लागली तर तिचा सुगंध उडून जातो.

वासावरून घाबरू नका, पण दोन वासांतला फरक ओळखा. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसात भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास येत असेल तर बूच खराब होतं, ती वाईन गेली, कितीही हवा दिली तरी सुधारत नाही. पण तबेला, घोड्याचं खोगीर, गोठा असा वास आला, खास करून 1980-90 च्या बाटल्यांत, तर तो ब्रेट नावाच्या यीस्टचा. बोकास्तेल त्यासाठी ओळखलं जायचं, काहींना अजिबात चालत नाही, मला थोडासा असला तर आवडतो.

पायरी सहा: जेवण

तिखट कमी, हा एकच नियम. मिरचीच्या जाळावर अल्कोहोल पडलं की दोन्ही भडकतात, त्यामुळे तांबडा रस्सा या बाटलीबरोबर नको. गरम मसाल्याशी मात्र हिचं चांगलं जमतं, दगडफूल, मसाला वेलची, मिरी, लवंग. माझ्याकडे नेहमी बोकडाच्या मांडीचं सुकं मटण असतं, सुकं खोबरं भरपूर भाजलेलं, मिरची फक्त रंगापुरती बेडगी. तिथले लोक कोकराचं मटण ऑलिव्ह आणि थाइम घालून रात्रभर मंद शिजवतात, तेही उत्तम. शाकाहारी ताटात मशरूम तुपावर लाल परतून, किंवा भरली वांगी, पण गूळ-चिंच हात राखून. पनीर टिक्का, लोणचं, दह्याची कोशिंबीर यांच्याजवळ ही वाईन उगीच फुकट जाते. गोडाबरोबर तर अजिबात नको.

ग्लास मोठा पोटाचा घ्या आणि तिसरा हिस्साच भरा. एका बाटलीत पाच-सहा जणांना पुरते, त्यामुळे बारा माणसांच्या पार्टीत ही काढू नका, चौघांत काढा.

उरली तर छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये. तरुण वाईन दुसऱ्या दिवशी कधीकधी जास्त छान लागते, जुनी असेल तर त्याच रात्री संपवा.

आणि दादा, 2016 च्या बाटलीच्या गळ्यात एक पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांध, फ्रीजमध्ये शाई पसरते म्हणून पेन्सिलने लिही, कोणाची, कधी आणली, कधीपर्यंत उघडायची नाही. महाराष्ट्रात वाईनसाठी वय 21 लागतं, म्हणजे चिठ्ठीवर 2037 लिही. तेव्हा ती वाईनही एकवीस वर्षांची असेल. आदल्या दिवशी सकाळी उभी करायला विसरू नकोस, ओतायला मी येते.